नसलेली रेघ

१२ नोव्हेंबर

मायना रिकामा सोडला आहे. लग्नाआधी ऑफिसात मी तुला ‘तू’ म्हणायचे, लग्नानंतर तुझ्या आईच्या धाकानं ‘अहो’ म्हणायला लागले, आणि तू गेल्यावर कधी उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘तिचे वडील’ म्हणते. आता पुन्हा ‘तू’च म्हणणार आहे. राग आला तर येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

ई-मेल करता आला असता. तुझा पत्ता मुंगीनं कधीच शोधून ठेवलाय. पण तिनं पाठवलेल्या मेलांचं तू काय केलंस ते मी पाहिलंय. कागद निदान फाडावा तरी लागतो.

घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे आणि मला तुझ्याकडून काही नको. मुंगीचं काम आहे. लहानपणी जमिनीवरचं सटरफटर वेचून खिशात भरायची म्हणून तूच ते नाव ठेवलंस. आता केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर माझ्यापुढे गेला, तरी या घरात ती मुंगीच आहे.

ती चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे हे तुला ठाऊक असेल. काय करते ते ठाऊक नसेल. नवी चिप जुन्या चिपेसारखी वागते की नाही, हे बघणं एवढंच तिचं काम. तळमजल्यावर तिची एक खोली आहे. तिथं जुनी यंत्रं मांडलीत. लिफ्टची पेटी, दुकानातला वजनकाटा, तिकिटं छापणारं एक धूड, दवाखान्यात सलाईन मोजून सोडणारा पंप. यांच्या पोटातले प्रोग्राम आपल्या ऑफिसात बनलेल्या त्या पहिल्या छोट्या चिपेच्या काळात लिहिलेले. ते अजून चालतात, कारण पुढच्या प्रत्येक चिपेनं आधीचे प्रोग्राम चालवलेच पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक ती घेत नाही. त्यामुळे आपल्या चिपेच्या सगळ्या खोडी तिच्या लेकीबाळींच्या अंगात उतरत आल्या.

त्यातली सगळ्यात नावाजलेली खोड तुझी. वजाबाकी झाली की एक छोटी खूण पुसली जायला हवी होती. ती पुसली जात नाही, कारण ती पुसणारी एक रेघ आपल्या चिपेत नव्हतीच. त्या काळी यंत्रात जागेची टंचाई, प्रोग्रामची एकेक पायरी वाचवायला लोक जिवाचं रान करायचे. कुणाच्या तरी ध्यानात आलं की न पुसलेल्या खुणेत एक गोष्ट लक्षात ठेवता येते आणि एक पायरी वाचते. बघता बघता सगळेच तसं करू लागले. पुढची चिप काढली तेव्हा आपले साहेब म्हणाले, रेघ घालू नका, लोकांचे प्रोग्राम मोडतील. त्याच्या पुढची काढली तेव्हाही तेच. आता एका चिपेत अब्जावधी भाग असतात म्हणे. आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं पगार घेऊन, तुझी ती नसलेली रेघ नसलेलीच राहील याची काळजी घेतात. मला हसू येतं, मग हसू येत नाही.

तर आता मुंगीच्या कंपनीनं ठरवलंय, ही सगळी अडगळ एकदाची साफ करायची. तिच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, “ही खूण न पुसणं मुद्दाम होतं की चूक? विचार करून केलं असेल तर कारण सांगा, ठेवू. चूक असेल तर काढू. आणि तशी चूकच असेल तर तुमच्या खोलीचंही काय करायचं ते बघावं लागेल.”

आपली मुलगी भर बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, “मुद्दाम केलंय. माझ्या वडिलांनी केलंय.”

तूच तिला सांगितलं होतंस. ती दुसरीत होती, तू बॅग भरत होतास, ती बॅगेच्या झाकणावर बसून रडत होती. तिला उठवायचं म्हणून तू म्हणालास, “बाबांनी एक रेघ मुद्दाम सोडली ना, म्हणून जगातली सगळी यंत्रं भराभरा चालतात. आता तिकडच्या लोकांनाही बाबा हवेत.” ती उठली, तू बॅग बंद केलीस. तुझ्यापुरतं ते तिथं संपलं. तिनं मात्र त्यावर अख्खं आयुष्य उभं केलं.

आता ते खरं खरं लिही. तुला आठवत नसेल तर मी आठवण देते.

जमिनीवर तो खोलीएवढा पारदर्शक कागद पसरलेला असायचा, त्यावर लाल पापुद्रा. सुरीनं कापायचं, नको तो पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, उरेल ती रेघ. मग त्याचा फोटो काढून लहान करत करत नखाएवढा करायचा. फोटोला जाण्याआधी तपासणी. मी चिपेच्या नकाशावरून मोठ्यानं वाचायचे, तू गुडघ्यांवर रांगत प्रत्येक रेघेपाशी रंगीत पेन्सिलीनं टिंब द्यायचास. बूट दाराबाहेर, पायात मोजे. आणि सगळ्यांना घोकून घोकून सांगितलेला एकच नियम. तपासून झालेल्या भागावर पाय ठेवायचा नाही, पलीकडे जायचं तर कडेकडेनं वळसा घालून जायचं.

तू जन्मात कधी वळसा घातलास? माझे दिवस भरत आले होते, स्टुलावर बसून वाचताना उचकी लागली, थांबेचना. तू पेला भरलास आणि सरळ मधून चालत आलास. सगळे ओरडले. तू म्हणालास, “बायको मरतेय माझी, वळसा कसला!” सगळे हसले. मीही हसले, पाणी प्यायले.

त्या रविवारी तुझे मोजे धुताना टाचेला लाल पापुद्र्याची एक बारीक पट्टी चिकटलेली दिसली. मी विचारलं, हे काय? तू पेपरातून मान वर न करता म्हणालास, “कचरा असेल, टाक.” मी टाकली. पुढे चिपा आल्या, खूण पुसली जात नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. मग लोकांना ती खोड आवडली आणि तू मूग गिळून बसलास. नंतर तर ती तुझी कल्पना झाली.

मी सांगून तिला पटणार नाही. एकदा सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, “तू चिडून बोलतेस,” आणि कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. म्हणून तू लिही. एका शाळामास्तरानं तिला मागणी घातली होती, चांगला हसरा माणूस, पण दुसऱ्या गावी जावं लागलं असतं. “खोली कोण बघेल?” म्हणाली. चांगल्या नोकऱ्या चालून आल्या, त्याही सोडल्या. तुझ्या मोज्याला चिकटलेल्या कचऱ्याची राखण करतेय ती, तिला मोकळी कर.

जिच्यासाठी गेलास ती बाई बरी असेल. विचारलं म्हणून सांगू नकोस.

३० नोव्हेंबर

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी टपालवाला दिसला की खिडकीशी जाते. सत्तरी उलटली तरी ही खोड काही जात नाही.

मुंगीला मी तुला लिहिल्याचं सांगितलेलं नाही. ती रोज ऑफिसातून येते आणि टेबलाशी बसते. तेच आपलं चौकोनी टेबल. तू गेल्यावर मी ते भिंतीला लावलं, तुझी बाजू भिंतीकडे. तिघांच्या जागेत दोघींना रिकामं रिकामं वाटायचं, म्हणून. पुढे त्या भिंतीत प्लग बसवला, टेबल सरकलं म्हणून मागे कपाट मावलं. आता त्या टेबलाला चौथी बाजू होती हेच कुणाला आठवत नाही.

तर त्या टेबलाशी बसून ती तुझ्या वतीनं कारण शोधत होती. त्या रेघेशिवाय चिप का बरं चांगली, हे बाबांनी काय विचार करून ठरवलं असेल? कागदावर कागद. चहा गार व्हायचा. आणि परवा काय झालं, ती एकदम ओरडली, “आई, सापडलं!” मी हातातलं टाकून पळत आले, म्हटलं हिला काय चावलं. तर कारण सापडलं होतं. मला समजावून सांगितलं. तिथं ती रेघ घातली असती तर शेजारची महत्त्वाची रेघ लांबून न्यावी लागली असती, चिप संथ झाली असती, गरमही झाली असती. म्हणून बाबांनी खूण तशीच सोडली आणि वेग कमावला. मी तो नकाशा त्या काळी शेकडो वेळा वाचलाय. तिचं म्हणणं खोटं नाही. रेघ गेल्यामुळे तसा फायदा झालाच असेल. फक्त तो तुझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

इतकं छान कारण तुला सात जन्मांत सुचलं नसतं. ती हसत होती. किती दिवसांनी तिचे दात दिसले मला.

काल बैठक होती. साहेबांनी कागद वाचला, मान डोलावली. म्हणाले, “मॅडम, फार हुशारीनं लिहिलंय. पण हे तुम्ही लिहिलंय. तुमचे वडील आहेत ना? त्यांच्याकडून दोन ओळी आणा, म्हणजे झालं.”

एक पोरगा पाठीमागून म्हणाला, “फोन लावा ना आत्ताच, स्पीकरवर घेऊ.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मुंगी म्हणाली, “बाबा माझ्याशी बोलत नाहीत.”

सगळ्यांसमोर असं बोलावं लागलं तिला. शाळेत असताना तू गेल्याचं कुणाला कळू नये म्हणून ‘बाबा टूरवर आहेत’ असं सांगणारी मुलगी ती. घरी आली, चप्पलही न काढता पलंगावर पडली, भिंतीकडे तोंड करून. मी चप्पल काढली तिच्या पायातली. आज सकाळीही तशीच आहे.

९ डिसेंबर

हे पत्र जास्तीचे पैसे भरून जलद टपालानं पाठवतेय. पहिल्या पत्रात मी जे मागितलं ते लिहिलं नसशील तर लिहू नकोस. लिहिलं असशील आणि टाकलं नसशील तर फाडून टाक.

मुंगी ऑफिसला जात नाही. अंघोळीला उठवावं तेव्हा उठते, पुढ्यात ताट ठेवावं तेव्हा चिवडते. डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. मला म्हणाले, “एकटं ठेवू नका.” मी दाराची कडी काढून ठेवलीय, तिच्या खोलीची आणि न्हाणीघराचीही.

मला वाटलं होतं, खरं कळलं की ती सुटेल. मोठी शहाणी मी! काल तिच्या उशाशी बसले, केसांतून हात फिरवला, आणि हळूच म्हटलं, “मुंगे, समज ते चुकून झालं असेल तर? माणसाच्या हातून होतं चुकून. त्यात काय एवढं?”

ती म्हणाली, “मग माझ्याकडे त्यांचं काय उरतं?”

खरंच काय आहे तिच्याकडे? तुझा एक फोटो आहे, त्यातही तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस. वाढदिवसाचं कार्ड तू पाठवायचास ते ती दहावीत जाईपर्यंत. माझ्याकडे तुझ्यावरचा राग तरी आहे. तो मी रोज फोडणीला घालते, त्यावर माझा दिवस जातो. तिच्याकडे एवढंच होतं की बाबा गेले, पण बाबा हुशार होते. ते मी तुझ्याच हातानं काढून घ्यायला निघाले होते.

म्हणून आता पाया पडते तुझ्या, खोटं लिही. तुला ते शिकवायला नको. तिनं शोधलेलं कारण मी सोबतच्या कागदावर उतरवून दिलंय. तुझ्या अक्षरात लिही, खाली सही कर, आणि वर तिचं नाव घाल. जमलं तर एखादं वाक्य मायेचं. नाही जमलं तर राहू दे, पण कारण लिही.

तू मला काहीच लागत नाहीस असं मी जगाला सांगत आले. हे लिहिताना मात्र दुसरं कुणी आठवलं नाही. अख्ख्या जगात हे खोटं खरं करू शकणारा तू एकटाच आहेस.

२२ डिसेंबर

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर तिचं नाव. अक्षर तुझं. मग शिक्क्याची तारीख बघितली आणि कळलं. माझं तिसरं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच तू हे टाकलं होतंस.

लपवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पदराखाली धरलंही. पण ती नेमकी पाणी प्यायला उठली होती, तिनं पाकीट बघितलं. अक्षर ओळखलं. माझ्यासमोर हात पुढे केला, लहानपणी खाऊ मागायची तसा. दिलं मी.

टेबलाशी बसून वाचलं तिनं. मी समोर उभी. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग विचारलं, “आई, मोजा कुठल्या रंगाचा होता?”

“राखाडी,” मी म्हटलं. “टाचेला भोक होतं. भोकाच्या कडेला चिकटली होती पट्टी.”

“आणि तुला खरंच उचकी लागली होती?”

“लागली होती.”

“म्हणजे माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे कसं? भरभर वाचत होते म्हणून लागली.”

ती थोडं हसली. ते हसू मला आवडलं नाही. मग पत्र माझ्याकडे सरकवलं, आणि मीही वाचलं.

काय बोलू तुला? आयुष्यात एकदा खरं बोललास, तेही मी सांगितलं म्हणून, आणि नेमकं नको तेव्हा. पण एक सांगते, मला वाटलं होतं तू कारणं देशील, स्वतःला सावरून घेशील. तू तसं काही केलं नाहीस. ‘मी मधून चालत गेलो, पट्टी माझ्या पायाला लागून गेली, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. तुला बॅगेवरून उठवायला मी जे सांगितलं ते खोटं होतं. तू ते खरं मानलंस हे मला तुझ्या मेलांवरून कळत गेलं, म्हणून उत्तर देववेना.’ एवढं साधं लिहिता येत होतं तुला, तर इतकी वर्षं काय जीभ टाळ्याला चिकटली होती?

आणि शेवटची ओळ. एकटाच राहतोस आता. ती बाई कधी गेली, कशी गेली, काही लिहिलं नाहीस. तुझे डॉक्टर म्हणतात प्रवास करायचा तर आत्ताच, नंतर जमणार नाही. ‘मी येऊ का?’

आज सकाळी मुंगी उठली, अंघोळ केली, साडीला इस्त्री केली आणि ऑफिसला गेली. तुझ्या ओळीबद्दल एक शब्द बोलली नाही. मी दारात उभी राहून कोपऱ्यापर्यंत तिला बघत होते.

१८ फेब्रुवारी

उशीर झाला. काय लिहायचं ते आम्हा दोघींना ठरत नव्हतं.

आधी रेघेचं सांगते. मुंगीनं साहेबांना सांगून टाकलं की ती चूक होती, वडिलांनीच कळवलंय. साहेबांना हायसं वाटलं. चाचणीच्या चिपेत रेघ घातली. तू पाणी घेऊन चालत आलास त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती खूण पुसली गेली. मुंगीच्या खोलीतच चाचणी झाली. सगळे जमले होते, कुणीतरी केकही आणला होता.

लिफ्टची पेटी चौथ्या मजल्यावर अडकली ती हलेना. वजनकाटा उणे वजन दाखवायला लागला. तिकिटांचं धूड एकच तिकीट छापत राहिलं, कागद संपेपर्यंत. हे सगळं लोकांना गमतीचं वाटलं, हशा पिकला. मग पंप लावला. सलाईन थेंब थेंब पडायचं ते धारेनं सुटलं, खाली ठेवलेलं भांडं भरून जमिनीवर वाहायला लागलं. तेव्हा कुणी हसलं नाही. मुंगीनंच पुढे होऊन बटण बंद केलं.

साहेब तिथंच म्हणाले, “परत काढा ती रेघ. होतं तसं करा.”

मुंगी म्हणाली, “पण सर, ती चूक आहे.”

“असू दे हो, मॅडम. असले पंप कुठं कुठं लागलेत कुणाला माहीत? आपण काय एकेकाच्या उशाशी जाऊन बघणार?”

तर तुझी रेघ नाहीच. यापुढेही नसेल. कारण काय, कुणी केलं, मुद्दाम की चुकून, हे आता कुणी विचारणारही नाही. तू खरं सांगितलंस ते एका मुंगीशिवाय कुणालाच नको होतं.

आणि खोली बंद झाली. एवढं कळल्यावर ती राहील असं आम्हाला वाटलं होतं. पण साहेब म्हणाले, आता काहीच बदलायचं नाही म्हटल्यावर रोज तपासायचं काय? जे तपासायचं ते मशीन आपोआप तपासेल. जुनी यंत्रं भंगारवाल्यानं नेली. मुंगी टेम्पोपर्यंत गेली होती. पंपाची नळी लोंबत होती, ती तिनं गुंडाळून आत खोचली म्हणे, रस्त्यात चाकाखाली येऊ नये म्हणून. तिला घरी बसवलं. मी तुला लिहिलं होतं, तिला मोकळी कर. झाली मोकळी.

गोळ्या चालू आहेत. जेवते. संध्याकाळी आम्ही दोघी पुलापर्यंत चालत जातो. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोण काम देणार, पण अर्ज करते. रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आता तुझ्या ओळीचं.

मला विचारशील तर ये. हे लिहायला मी दोन महिने घेतले, आता लिहिलं. तू आलास तर पहिला दिवस मी तुला घालूनपाडून बोलण्यात घालवीन, दुसऱ्या दिवसापासून तुझं पथ्यपाणी बघीन, हे मला माझं ठाऊक आहे. मला तू हवा आहेस. इतक्या वर्षांचा राग कसला होता ते मला या टेबलाशी बसून कळलं.

परवा मुंगी अर्जाच्या कामाला बाहेर गेली होती. मी एकटीच होते. मनात आलं, तू आलास तर बसशील कुठं? म्हणून टेबल भिंतीपासून ओढलं. जोर लावला, कंबरेत कळ आली, पण ओढलं. तर कपाटाचं दार उघडेना. त्यात मुंगीच्या गोळ्या. प्लगची वायर ताणली गेली आणि दिवा पडला. तिची खुर्ची मागे सरकून दाराच्या आड आली, बाहेरून आलेल्या माणसाला दार पुरतं उघडता येईना. मी उभीच राहिले. तेवढ्यात ती आली, अर्धवट दारातून अंग चोरून आत शिरली, टेबलाकडे बघितलं, चौथ्या बाजूकडे बघितलं. त्या बाजूच्या फळीला अजून पॉलिश आहे, बाकी तिन्हीकडचं कधीच उडालं.

तिला काही सांगावं लागलं नाही. खुर्चीवर बसली. म्हणाली, “आई, मी रोज ठरवते, आज हो म्हणायचं. मग वाटतं, ते इथं बसतील, मला बघतील, आणि मला त्यांना काय म्हणायचं तेच कळणार नाही. मला कसंबसं चालता येतंय गं आत्ता. त्यांना नको म्हणून लिही.”

“तो पुन्हा येऊ शकणार नाही, मुंगे. डॉक्टरांनी सांगितलंय त्याला.”

“माहितेय मला,” ती म्हणाली. आणि तेव्हा रडली. टेबलावर डोकं ठेवून, बॅगेच्या झाकणावर बसून रडली होती तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि मला एकच वाटत होतं, तू कडेकडेनं का आला नाहीस? उचकी थांबली असती माझी. थोड्या वेळानं थांबतेच ती.

मग आम्ही दोघींनी मिळून टेबल परत भिंतीला लावलं.

तेव्हा येऊ नकोस. राग म्हणून नाही, शिक्षा म्हणून नाही. पत्र मात्र टाकत जा. तिचं नाव घाल पाकिटावर. खरं लिहायला आता शिकलाच आहेस, तर आज काय जेवलास, खिडकीतून काय दिसतं, पाय सुजतात का, असलं काहीही लिही. ती वाचेल. तुझं पहिलं पत्र तिनं उशीखाली ठेवलंय. मला वाटतं ती ते पाठ करतेय.

तिकडे फरशी गार असते म्हणतात. मोजे घालत जा.